टीबीच्या रुग्णाला काढ्याबद्दलही विचारा: आरोग्य विभाग, आयुष संचालनालय आणि अन्न व औषध प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
राज्य क्षयरोग अधिकारी, सार्वजनिक आरोग्य विभाग,
संचालक, आयुष संचालनालय,
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय, महोदया,

क्षयरोगाच्या रुग्णाला निदान झाल्या दिवसापासून सहा महिने गोळ्या घ्यायच्या असतात. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चारही औषधे चालतात, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. या चारांपैकी पहिली तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. त्रास झाला तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच होतो, कारण तेव्हा तिन्ही एकाच वेळी पोटात जात असतात. हे आपल्या कार्यक्रमातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण नेमक्या याच दोन महिन्यांत घरात आणखी काय काय सुरू होते, याची नोंद कुठेच होत नाही. त्याबद्दल हे पत्र आहे.

रुग्ण झाडपाल्याकडे वळतो तो बहुतेक वेळा गोळ्यांवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. गोळ्यांनी काहीतरी होते, त्याचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्यावरचा उपाय शेजारी, नातेवाईक किंवा आठवडी बाजारातला वैदू सांगतो. ही साखळी ठरलेली आहे. ती कळली तर कोणाला, कधी आणि काय विचारायचे हेही कळते.

पायराझिनामाइडमुळे रक्तातले युरिक ॲसिड वाढते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुडघे, खांदे, घोटे ठणकू लागतात. रुग्णाला वाटते, वात उठला. मग सांधेदुखीची पुडी येते. बिनलेबलच्या अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेले सापडल्याचे वैद्यकीय साहित्यात वारंवार आले आहे. असे स्टेरॉइड पोटात गेले की दोन दिवसांत दुखणे जाते, भूक लागते, ताप उतरतो आणि पुडीवर विश्वास बसतो. आत मात्र प्रतिकारशक्ती दबत असते आणि मधुमेह असेल तर साखर चढत असते. खरे तर पायराझिनामाइडची सांधेदुखी साध्या वेदनाशामकाने आटोक्यात येते आणि दोन महिन्यांनी ती गोळी बंद झाली की थांबते. एवढे वाक्य पहिल्याच भेटीत सांगितले तर पुडीची गरजच उरत नाही.

आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येतात. त्यावर उपाय पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6 जीवनसत्त्व. ते मिळाले नाही की रुग्ण वाताच्या गोळ्या सुरू करतो. पहिल्या पंधरवड्यातल्या मळमळीवर कुमारी आसव येते. त्याची ओळख 'लिव्हरचे औषध' अशी असल्याने तर ते हमखास येते. आसव आणि अरिष्ट ही आंबवून केलेली औषधे आहेत आणि त्यांत साधारण 5 ते 10 टक्के मद्यार्क आपोआप तयार झालेला असतो. सांगितलेल्या मात्रेत तो फार भरत नाही. पण ज्याला आपण 'सहा महिने दारूचा थेंब नको' म्हणून बजावले, तो सकाळ-संध्याकाळ अर्धा कप अरिष्ट घेत असेल आणि त्यात दारू असते हे त्याच्या गावीही नसेल, तर त्याला दोष कसा द्यायचा?

वजन घटलेले असते म्हणून घरचे ताकदीसाठी अश्वगंधा आणतात. प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल तर अंगणातच असते. टीबीबरोबर मधुमेह असेल तर कारले, जांभूळबी, गुडमार यांचे चूर्ण आधीपासून चालू असते आणि ते औषध आहे असे घरात कोणीच धरत नाही.

गुळवेलीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचे बोलले जाते. कोविडच्या काळात गुळवेलीचा वापर घरोघरी वाढला. त्यानंतर 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांमधून अशाच 43 रुग्णांची नोंद आली. त्या सुजेचे स्वरूप बऱ्याच जणांत स्वप्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखे होते, आणि काहींना थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार आधीपासून होते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल सुरक्षित आहे, गोंधळ तिच्यासारख्याच दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीने झाला असावा, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. हा वाद या पत्रात मिटवायचा नाही. पण दोन्ही बाजूंचे म्हणणे जसेच्या तसे धरले तरी टीबीच्या रुग्णासाठी निष्कर्ष एकच निघतो. बाजारात किंवा कुंपणावर मिळणारी वेल कोणती, हे रुग्ण ओळखू शकत नाही. आणि ज्याच्या यकृतावर आधीच तीन औषधांचा भार आहे त्याने पहिल्या दोन महिन्यांत त्यात चौथी शंका घालू नये.

तपासणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे की लेबलवर 'गुळवेल' असे लिहिलेले नसते. गुडुची, अमृता, गिलोय ही तिचीच नावे. संशमनी वटी आणि गिलोय घनवटी गुळवेलीच्याच. अमृतारिष्टात ती मुख्य घटक. कितीतरी 'इम्युनिटी' कॅप्सूलमध्ये ती दहा घटकांपैकी एक असते. 'गुळवेल घेता का?' या प्रश्नाला रुग्णाने प्रामाणिकपणे 'नाही' म्हटले तरी ती त्याच्या पोटात रोज जात असू शकते.

वनस्पती निष्प्रभ असतात, त्यांनी काय होणार, असे म्हणणाऱ्या आमच्या ॲलोपॅथीतल्या सहकाऱ्यांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. जम्मूच्या सीएसआयआर (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद) प्रयोगशाळेत काळ्या मिरीतल्या पायपरिनवर काम झाले आणि त्यातून टीबीचीच एक गोळी निघाली. तिच्यात रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम आणि सोबत फक्त 10 मिलिग्रॅम पायपरिन आहे. पायपरिनमुळे रिफाम्पिसिन रक्तात जास्त पोचते, म्हणून कमी मात्रा पुरते. हा भारतीय संशोधनाचा अभिमानाचा भाग आहे. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की पूर्ण मात्रेच्या गोळ्या घेणारा रुग्ण रोज दोन-तीन ग्रॅम त्रिकटू चूर्ण, म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी, मधातून घेत असेल तर ते त्याच्या डॉक्टरला माहीत असलेच पाहिजे. आमटीतल्या मिरीची भीती कोणाला घालू नये. हळदीचेही तसेच. फोडणीतली हळद वेगळी आणि मिरीच्या अर्कासह येणारी कर्क्युमिनची कॅप्सूल वेगळी. ती कॅप्सूल शरीरात जास्त शोषली जावी म्हणूनच तशी बनवलेली असते, आणि अशा उत्पादनांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत.

आता लघवीच्या रंगाचा प्रश्न. वरकरणी तो किरकोळ वाटतो, पण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-तांबूस होते. घाम आणि डोळ्यांतले पाणीही किंचित रंगते. हा रंग गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांत गडद असतो आणि पुढच्या सकाळपर्यंत बराच फिका पडतो. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, भूक ठीक असते. कावीळ झाली की लघवी दिवसभर गडद, कोऱ्या चहासारखी राहते, पांढऱ्या बनियनवर पिवळा डाग पडतो, शौच फिके होऊ शकते, अंगाला खाज येते, उजव्या बरगडीखाली जडपणा येतो आणि अन्नाचा वासही नको होतो. डोळे पाहायचे ते उघड्यावर, दिवसाच्या उजेडात. रुग्णाला खाली पायांकडे बघायला सांगून वरची पापणी बोटाने वर ओढायची आणि बुबुळाच्या वरचा पांढरा भाग बघायचा. पिवळ्या बल्बखाली किंवा संध्याकाळी अंधारलेल्या खोलीत सुरुवातीची कावीळ हमखास निसटते.

हे न शिकवल्याने दोन्ही बाजूंनी चूक होते. नारिंगी लघवी पाहून 'गोळ्यांनी कावीळ झाली' म्हणून रुग्ण कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो आणि गोळ्या सोडतो. किंवा खरी कावीळ झालेली असताना 'गोळीचा रंग आहे, होतेच' असे म्हणून आठवडाभर गोळ्या चालू ठेवतो. दुसरी चूक जिवावर बेतते.

कावीळ उतरवणाऱ्याकडे काय होते, तेही आपल्या कर्मचाऱ्यांना माहीत हवे. आंब्याच्या सालीचा रस हातांना चोळून ते चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते. ते कोणाच्याही हातांनी होते, कावीळ असो वा नसो. देवडांगरीचे थेंब नाकात घातले की नाकातून पिवळट पाणी वाहू लागते. तो त्या फळाने झालेला दाह असतो, काविळीचा पिवळा रंग देणारे रक्तातले बिलिरुबिन त्या वाटेने बाहेर येत नाही. दूषित पाण्याची कावीळ, म्हणजे हेपॅटायटिस ए किंवा ई, बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि त्याचे श्रेय या उपायांना मिळत आले आहे. औषधाने आलेली कावीळ अशी वाट बघत नाही. कारण असलेले औषध पोटात जात राहिले तर ती वाढतच जाते.

आता हे सारे लपून राहिल्याची किंमत काय पडते, ते सांगतो. रुग्णाला उलट्या सुरू होतात, एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, होते. नियम आपल्याला माहीत आहे: लक्षणे असताना एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) कमाल सामान्य पातळीच्या तिप्पट झाला, किंवा लक्षणे नसतानाही पाचपट झाला, तर यकृताला त्रास देणारी औषधे थांबवायची. प्रयोगशाळेची कमाल पातळी 40 असेल तर 120 आणि 200. आजार गंभीर असेल तर मधल्या काळात इथाम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अशा यकृताला झेपणाऱ्या औषधांवर रुग्णाला ठेवायचे. एसजीपीटी दुपटीच्या खाली आला की आधी रिफाम्पिसिन, मग आयसोनियाझिड, मग गरज असेल तर पायराझिनामाइड, असे एकेक औषध काही दिवसांच्या अंतराने आणि प्रत्येक वेळी रक्त तपासून परत सुरू करायचे. यात तीन-चार आठवडे सहज जातात. आता याच काळात घरी गुळवेलीचा रस चालूच असेल तर? एसजीपीटी खाली येत नाही. किंवा रुग्णालयात असताना रस बंद होता म्हणून तो खाली येतो आणि घरी गेल्यावर पुन्हा चढतो. नेमके तेव्हा आयसोनियाझिड नुकतेच सुरू केलेले असते, म्हणून दोष आयसोनियाझिडच्या माथी बसतो आणि एक चांगले औषध कायमचे जाते. पायराझिनामाइड गेले तर उपचार सहाचे नऊ महिने होतात. रिफाम्पिसिन गेले तर वर्षाच्याही पुढे. खोकला घेऊन घरात वावरणाऱ्या माणसाच्या बाबतीत याचा फटका घरातल्या सगळ्यांना बसतो.

उलटेही होते, आणि प्रामाणिकपणे तेही सांगितले पाहिजे. टीबीच्या रुग्णांत यकृताला जी इजा होते तिच्यात टीबीच्या गोळ्यांचा, दारूचा, हेपॅटायटिस बी आणि सी यांचा मोठा वाटा असतो. रुग्ण काढा घेत होता एवढे कळताच बाकी काही न तपासता सगळे खापर काढ्यावर फोडणे हाही आळसच. म्हणून नोंद हवी: काय घेतले, कधीपासून, किती आणि कधी बंद केले.

या कारणांनी क्षयरोग विभागाकडे आमची पहिली मागणी आहे ती प्रश्न बदलण्याची. 'आयुर्वेदिक औषध घेता का?' असे विचारले की उत्तर 'नाही' येते, कारण काढा, रस, चूर्ण, पुडी यांना लोक औषध म्हणतच नाहीत. शिवाय त्या प्रश्नात रागावण्याचा सूर ऐकू येतो. आशाताईंनी आणि उपचार पर्यवेक्षकांनी विचारावे: 'सकाळी उपाशीपोटी काय काय घेता? भुकेसाठी, ताकदीसाठी, साखरेसाठी, सांध्यांसाठी, पोट साफ होण्यासाठी घरात काही चालू आहे? कोणी पुडी किंवा बाटली दिली आहे? पुढच्या वेळी येताना घेऊन या, मला बघायची आहे.' हा प्रश्न उपचार सुरू करताना, दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या आठवड्यात विचारला जावा आणि उत्तर उपचार कार्डावर ठळक रकान्यात यावे. लेबलचा फोटो घ्यावा. लेबल नसलेली पुडी असेल तर ती फेकून न देता कोरड्या डबीत, नाव आणि तारीख लिहून ठेवावी. पुढे काही झाले तर तपासायला तेवढाच पुरावा उरतो.

रक्ततपासणीबद्दलही तेवढेच स्पष्ट सांगतो. दारू घेणारे, आधीचा यकृताचा आजार असलेले, हेपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्ही असलेले, वयस्कर, गरोदर, आणि वर सांगितल्यापैकी काही घेत असलेले किंवा नुकतेच सोडलेले, अशा सर्वांची एलएफटी उपचारापूर्वी आणि पहिले दोन महिने दर दोन आठवड्यांनी तालुक्याच्या ठिकाणी मोफत व्हावी. बाकीच्यांसाठी लक्षण दिसले की त्याच दिवशी. उलट्या थांबत नाहीत किंवा डोळे पिवळे दिसतात, तर गोळ्या आणि झाडपाला दोन्ही थांबवून त्याच दिवशी केंद्रात यायचे, हे वाक्य पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरात छापले जावे. 'त्याच दिवशी' हे दोन शब्द वगळले तर रुग्ण गोळ्या थांबवतो आणि घरीच बसतो. झोपेची वेळ उलटी झाली, बोलण्यात असंबद्धपणा आला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर तालुक्यात वेळ न घालवता थेट मोठ्या रुग्णालयात.

यकृताच्या टॉनिकबद्दलही विभागाने एकदा लेखी सांगावे. टीबीच्या गोळ्यांसोबत सिलिमॅरिन (एका वनस्पतीचा अर्क) किंवा वनस्पतींचे मिश्रण लिहून देण्याची सवय आपल्याच डॉक्टरांना आहे. त्याने इजा टळते असे खात्रीने म्हणावे इतका पुरावा नाही. पण टॉनिक चालू आहे म्हणून रुग्ण निर्धास्त होतो आणि तपासणी मागे पडते, हे मात्र रोज दिसते. आणि एकदा डॉक्टरनेच वनस्पतींची बाटली दिली की वैदूची बाटली नको असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आयुष संचालनालयाला आमची विनंती आहे की नोंदणीकृत वैद्यांना या कामात शत्रू न समजता सामील करून घ्यावे. पत्रावर सह्या करणाऱ्यांत वैद्यही आहेत. टीबीच्या पहिल्या दोन महिन्यांत कोणतेही नवे औषध सुरू करण्याआधी वैद्याने निक्षय क्रमांक, म्हणजे रुग्णाचा सरकारी टीबी नोंदणी क्रमांक, विचारावा, अलीकडची एलएफटी पाहावी, आणि काही द्यायचेच असेल तर नाव, मात्रा, कालावधी लिहून द्यावे. पुडी बांधून नाव न सांगता देण्याची पद्धत या रुग्णांपुरती तरी बंद व्हावी. पारा, सोमल (आर्सेनिक) किंवा अन्य विषारी द्रव्ये असलेल्या, औषध नियमांच्या अनुसूची ई (1) मधल्या औषधांवर 'वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे' असा इशारा कायद्यानेच सक्तीचा आहे. टीबीच्या रुग्णाला ती देखरेखीविना मिळता कामा नयेत.

अन्न व औषध प्रशासनाकडे अधिकार सर्वांत जास्त आहेत. परवानाधारक आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकांची यादी असलीच पाहिजे. ज्या बाटलीवर ती नाही ती विकलीच कशी जाते? आठवडी बाजारांतून, काष्ठौषधींच्या दुकानांतून आणि मोबाईलवरच्या जाहिरातींतून 'सांधेदुखी', 'कावीळ', 'लिव्हर' आणि 'ताकद' या चार नावांखाली विकल्या जाणाऱ्या मालाचे नमुने घ्यावेत. त्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल शोधावे. केवळ वनस्पतींच्या औषधांत शिसे 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) या मर्यादा ओलांडल्या जातात का ते पाहावे. निकाल बॅच क्रमांकासह मराठीत प्रसिद्ध करावेत. टीबी बरा करण्याची जाहिरात करणे 1954 च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्याच्या यादीत क्षयरोग नावानिशी आहे. तालुक्याच्या एसटी स्थानकाजवळच्या भिंतींवर अशा जाहिराती आजही रंगवलेल्या असतात आणि त्यांवर फोन नंबरही असतो. कारवाईला आणखी कोणता पुरावा हवा?

शेवटची मागणी तिन्ही कार्यालयांकडे एकत्र आहे. ॲलोपॅथीच्या औषधाच्या दुष्परिणामाची नोंद गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्राकडे जाते आणि आयुष औषधाची दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे. दोन्ही घेणाऱ्या रुग्णाची कावीळ यांपैकी कुठे नोंदवायची, या घोळात ती कुठेच नोंदवली जात नाही. गाझियाबादच्या अर्जात रुग्ण स्वतः घेत असलेल्या आणि वनस्पतींच्या औषधांसाठी जागा आहे. ती भरावी आणि तोच अर्ज दुसऱ्या केंद्रालाही पाठवावा, एवढा एका पानाचा आदेश तिन्ही कार्यालयांच्या सहीने निघाला तर जिल्ह्यातला वैद्यकीय अधिकारी संकोच न करता नोंद करेल. तोपर्यंत रुग्ण किंवा नातेवाईक 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर दुष्परिणाम स्वतः कळवू शकतात. हा क्रमांक निक्षय मदतवाहिनीच्या 1800-11-6666 शेजारी प्रत्येक उपचार कार्डावर छापावा.

आपले,
क्षयरोग आणि यकृतविकार यांच्या उपचारात काम करणारे काही डॉक्टर, वैद्य, औषधनिर्माते आणि आरोग्य कर्मचारी